कुंभारणीचा बदाम

बदाम शेंड्याकडून वाळत खाली आला. आधी अगदी वरच्या फांद्यांनी पानं टाकली, मग मधल्यांनी, आणि वहिनी रोज अंगणात उभी राहून म्हणत राहिली, "उन्हाचं आहे, दुसरं काही नाही." तिने एकदा निदान केलं की आजाराने ते निमूट ऐकावं, अशी तिची अपेक्षा असे. या वेळी आजाराने ऐकलं नाही.

शेवटी नवऱ्याने शिडी लावली. वर चढून एक काडी कापली, चाकूने साल खरवडली, आत पाहिलं आणि काडी खाली टाकली. एक पायरी उतरून दुसरी कापली. मग तिसरी. प्रत्येक काडी आतून चहाच्या रंगाची. असं करत तो सांध्यापर्यंत आला, म्हणजे त्याच्या आजोबांनी कडू बदामाच्या खुंटावर गोड बदामाच्या काडीवरचा कोंबाचा डोळा बसवला होता तिथपर्यंत. सांध्याच्या वर सगळं मेलं होतं. सांध्याखाली मात्र खुंटाला हिरवेगार काटेरी फुटवे तरारले होते.

शेजाऱ्याने भिंतीवरून मान काढली. "खाली हिरवं आहे की, वहिनी. जगेल."

"ते खुंटाचं आहे. त्याला बदाम येतात ते कडू जहर."

"मला काय कळतंय त्यातलं."

"ते दिसतंच आहे," वहिनी म्हणाली, आणि शेजाऱ्याची मान भिंतीमागे गेली.

तिला सगळं गावच वहिनी म्हणे. हिच्या तोंडाला लागण्यापेक्षा नातं जोडलेलं बरं, असा लोकांचा विचार. तिचा विचार याच्या उलट होता. लोकांशी नातं जोडण्यापेक्षा त्यांच्या तोंडाला लागलेलं तिला परवडे.

त्या बदामाचं कवच दोन बोटांत फुटायचं. आतला गर लांबट, दुधाळ, चावताना कुरकुरणारा. तसं दुसरं झाड कुठे नव्हतं, आणि नव्हतं म्हणजे होऊ दिलं नव्हतं. घराण्याची रीतच तशी. झाड एकच ठेवायचं. ते म्हातारं झालं की त्याच्याच काडीचं दुसरं करायचं आणि मग जुनं तोडायचं. छाटणीच्या दिवशी वहिनी बाह्या सारून झाडाखाली बसे. पडलेली प्रत्येक काडी वेची, तिचे बोट बोट तुकडे करी आणि चुलीत घाली. त्या दिवशीचं जेवण तिला वर्षातलं सगळ्यात रुचकर लागे. सासू गेली, सासरे गेले, पण रीत राहिली. वहिनीने ती त्यांच्यापेक्षा कडक राखली.

पोटापाण्याला दोघं नवराबायको लोकांची कलमं करत. नासपती, जर्दाळू, अक्रोड, जे कोणी आणील ते. नवरा चाकू चालवी, वहिनी बांधे. तिने बांधलेला सांधा दोन वर्षांनी शोधावा लागे. दुसऱ्या कोणी बांधलेला दिसला की ती नाक मुरडी, आणि दिसला नाही तर शोधून काढून मुरडी.

नवरा शिडीवरून उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "ताईकडे आहे."

"काय आहे?"

"हाच. बाजारात एकाच्या टोपलीत पाहिला. दोन बोटांत फुटला. कुठला म्हटलं, तर म्हणाला कुंभारणीचा."

वहिनी हसली. "कुंभारणीचा. वा. मडकी पिकतात त्यांच्याकडे, आता बदामही पिकायला लागले."

पण ती आत गेली आणि पाण्याचा हंडा उगाचच या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवला. नणंद कुंभाराच्या घरात पडली तेव्हा तिने माहेरकडे दागिना मागितला नव्हता, भांडंकुंडं मागितलं नव्हतं. काड्या मागितल्या होत्या. सासरे आजारी, नवरा कामावर. तेव्हा वहिनीनेच त्या कापून दिल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून, वरून 'सांभाळून न्या हं' म्हणत. कापल्या होत्या सांध्याखालच्या. चिखल तुडवणाऱ्यांना कागदी बदाम कशाला, कडू खुंट पुष्कळ झाला, असं तिला वाटलं होतं. आणि नंतरही कधी वेगळं वाटलं नव्हतं. म्हणजे त्या घरात हा बदाम असणं शक्यच नव्हतं. आणि नवऱ्याच्या बोटांत तर तो फुटला होता.

विहिरीमागे कडू रोपांची एक ओळ होती. नवं झाड करायचं तर त्यातल्याच एकावर डोळा बसणार. पाऊस धड झालेला नाही, विहीर तळाला गेलेली. सालीखाली रस आहे तोवरच साल सुटते आणि डोळा आत सरकतो. रस आटला की साल लाकडाला चिकटते, मग कितीही मोठा कारागीर असो. नवरा बादली बादली पाणी ओतून त्या ओळीत रस धरून होता.

"तू जाऊन ये," तो म्हणाला.

"मी? बहीण तुमची."

"मी विहिरीवरून हललो की रोपं बसली. दुपारच्या बसने जा, उद्या परत ये. साल फार दिवस सुटायची नाही."

ती गेली. बसच्या खिडकीशी बसून शेजारच्या बाईच्या पिशवीकडे अशी पाहत राहिली की त्या बाईने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

कुंभारणीच्या गावात उतरताच पहिल्या कुंपणाला तिने पाहिला. मग दुसऱ्या. पाण्याच्या टाकीमागे, न्हाव्याच्या दुकानापुढे, शाळेच्या भिंतीला लागून. लांबट पान, खाली झुकणाऱ्या फांद्या, तिने तो शंभर झाडांत ओळखला असता. घरचाच बदाम. पोरं दगड मारून पाडत होती, शेळ्या पानं ओरबाडत होत्या. आणि सांधे! एकेक सांधा म्हणजे गळ्याचा गलगंड. कुठे सायकलच्या ट्यूबची पट्टी, कुठे जुन्या मोज्याचं इलॅस्टिक, एका झाडाला तर चक्क चपलेचा पट्टा, तोही खिळ्याने ठोकलेला. राजाघरची लेक उकिरड्यावर नांदताना दिसावी, आणि वर ती खुशीत असावी, तसं वहिनीला झालं.

कुंभारीण चाकावर बसली होती. तिने मान वर केली, ओळखलं, आणि हातातला घडा पुरा होईपर्यंत चाक थांबवलं नाही. वहिनी उभी. बसायला एक स्टूल होतं, त्यावर बोटभर चिखल.

"ये वहिनी. झाड गेलं ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं, वन्सं?"

"तू आलीस म्हणजे गेलंच."

वहिनीने पिशवीचे बंद आवळले. "काड्या हव्यात."

"कसल्या?"

"उगाच काय, वन्सं. काड्या."

"नाही, विचारून घेतलेलं बरं. मागच्या वेळी मी नुसतं काड्या म्हणाले आणि फसले." कुंभारणीने दोऱ्याने घडा चाकापासून सोडवला. "लावल्या होत्या मी त्या. एवढ्या प्रेमाने फडक्यात गुंडाळून दिल्यास. फळ आलं. सासूने पहिला बदाम तोंडात टाकला आणि पुढे आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तेवढा आठवडा फार सुखाचा गेला."

वहिनीने स्टुलावरचा चिखल बोटाने खरवडला.

"मग म्हटलं, आले आहेत तर पेरू. कडू बी उंदीरसुद्धा खात नाही. रोपं अशी तरारली म्हणून सांगते. या गावात जेवढे बदाम आहेत ना, त्या सगळ्यांच्या खाली मूळ तुझंच आहे, वहिनी."

"आणि वर?"

"वर बाबांचं. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी आले होते, आठवतं? जाताना ऊन होतं. तूच छत्री दिलीस हातात. बाबांनी दिलेल्या काड्या तिच्यातच होत्या."

वहिनीला आठवलं. फाटकात उभी राहून तिने बघितलं होतं: भर उन्हात छत्री मिटून चालली आहे, मडक्याच्या घरात राहून डोकंही मडक्यासारखं झालं.

"काड्या मिळतील?" तिने विचारलं.

"माझ्या झाडावर कापण्याजोगी काडी उरली नाही. वाटून संपल्या. ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे माग."

"मी दारोदार मागू?"

"पाय आहेत ना," कुंभारीण म्हणाली, आणि मातीचा नवा गोळा चाकावर आपटला.

पहिलं दार न्हाव्याचं. दुकानात एक खुर्ची, एक तडा गेलेला आरसा, आणि खिडकीत कुंड्यांची रांग. प्रत्येक कुंडीत एक रोप, प्रत्येक रोपाला फडक्याची गाठोडी. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर फेस लावत होता.

"कुंभारणीची वहिनी का? या. आवडला वाटतं आमचा बदाम."

'आमचा' हा शब्द वहिनीने गिळला. त्यासाठी तिला भिंतीकडे बघावं लागलं. भिंतीऐवजी कुंड्या दिसल्या.

"हे गलगंड कोणी बांधले?"

"मीच."

"डोळा कापला कशाने?"

न्हाव्याने हातातला वस्तरा दाखवला. गिऱ्हाईक खुर्चीत जरा मागे सरलं.

"काप वाईट नाही," वहिनी म्हणाली. हे बोलताना तिला दात दुखल्यासारखं झालं. "पण बांधलंय की जखमेवर पोतं टाकलंय?"

"सोपं आहे हो, काकू. शिकवतो मी. हे बघा, असं धरायचं, आणि असं गुंडाळत जायचं."

कलम कसं धरायचं ते वहिनीला न्हावी शिकवत होता. गिऱ्हाईक अर्ध्या फेसातून लक्ष देऊन बघत होतं. दुसऱ्या कोणाकडून हे ऐकलं असतं तर वहिनीने त्याचं दुकान डोक्यावर घेतलं असतं. पण तिला काड्या हव्या होत्या. तिने कुंडी जवळ ओढली, गाठोडी सोडली, पट्टी चपटी केली आणि खालून वर, एकावर एक अर्धी चढत, डोळ्याचं टोक तेवढं उघडं ठेवून बांधत गेली. शेवट आत खोचला. गाठ नाही.

न्हावी वाकून बघत राहिला. "बरं बांधता की. कुठे शिकलात?"

याला उत्तर देणं तिने आपल्या पायरीखालचं मानलं. दुसरी कुंडी ओढली.

त्या दिवशी तिला पुरतील एवढ्या काड्या मिळाल्या. कुंभारणीने त्या ओल्या वाळूच्या मडक्यात उभ्या ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी वहिनी पिशवी घेऊन बसकडे निघाली, तर वाटेत शेळीवालीचं घर. तिच्या बदामाला डोळा उलटा बसवलेला. शेंडा जमिनीकडे. बिचारा फुटवा आधी खाली जाऊन, मग वळून, आकड्यासारखा वर आला होता. आणि त्या आकड्याला शेळीवालीने दुधाची बादली अडकवली होती.

"हा डोळा उलटा आहे," वहिनी म्हणाली.

"असेल. बादली चांगली राहते."

"बाई, हे झाड आहे की खुंटी?"

"बदाम पण देतं," शेळीवाली म्हणाली. "खुंटी देते का बदाम?"

वहिनीने पिशवी खाली ठेवली. शेळीवालीला डोळ्याचं वर कुठलं आणि खाली कुठलं ते दाखवलं, तिच्या हातून चार वेळा कापून घेतलं, चारही वेळा ते फेकून दिलं, पाचव्या वेळी नुसतं हुं म्हटलं. बस गेली ती तिने ऐकली.

मग रोजच तसं होऊ लागलं. सकाळी ती निघायची तयारी करी. दुपारी तिच्या पुढ्यात कोणाचं तरी रोप असे. चपलेचा पट्टा ठोकणारा माणूस शोधून तिने खिळा त्याच्याच हातांनी उपटायला लावला. लोक कुंभारणीच्या अंगणात कुंड्या घेऊन येऊन बसू लागले. वहिनी प्रत्येकाचं माप काढी, हात बघे, नखं बघे, 'धुऊन या' म्हणे. शिव्या खायला एवढी गर्दी होते हे तिने प्रथमच पाहिलं. पाठ मोडून आली, बोटांना पट्टीचे वळ उठले, पण सोडलेल्या प्रत्येक गाठोड्याखाली बाबांचा डोळा गुदमरलेला दिसे आणि तिला राहवत नसे.

"भाऊ वाट बघत असेल," कुंभारीण एकदा म्हणाली.

"तिथली रोपं पळून जात नाहीत. इथे हे लोक हाल करताहेत."

"तुला त्यांचं एवढं काय?"

"मला त्यांचं काही नाही, वन्सं. त्यांनी मातीचे गोळे वळावेत, डोकी भादरावीत. झाडाला हात कशाला लावायचा?"

"मग तू शिकवतेस कशाला?"

"बघवत नाही म्हणून."

कुंभारणीने मान खाली घातली आणि मडक्याच्या काठावरून ओलं बोट फिरवत राहिली. फुकट राबणारी बाई अंगणात बसली असताना बोलून तिला उठवण्याइतकी ती भोळी नव्हती.

वहिनी घरी पोचली तेव्हा नवरा विहिरीच्या काठावर बसला होता. दोर एका बाजूला, बादली आडवी. तिने मडकं पुढे केलं. त्याने एक काडी घेतली, डोळा नीट कापला, रोपाशी गुडघा टेकला, सालीला चीर दिली आणि चाकूच्या पाठीने ती उचलायला गेला. साल उचलली नाही. तुकडे तुकडे होऊन निघाली, जुन्या भिंतीवरच्या रंगासारखी ठिसूळ. पुढच्या रोपाला तेच. त्याच्या पुढच्यालाही. सबंध ओळ संपेपर्यंत तो उठला नाही.

"परवापर्यंत सुटत होती," तो म्हणाला. "पाणी संपलं. का नाही आलीस?"

"त्यांना बांधता येत नव्हतं."

"कोणाला?"

"कोणालाच."

त्याने तिच्याकडे पाहिलं. लग्नापासून त्याने तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. जणू अंगणात कोणी अनोळखी बाई पत्ता विचारायला आली होती. "तुला लोकांच्या बांधण्याची काळजी कधीपासून?"

"काळजी नाही. किळस."

"बरं," तो म्हणाला. मडकं उचलून त्याने तिच्या हातात दिलं. "चुलीत घाल. तुला सवय आहे."

तिने घातल्या. ओल्या होत्या, धूर फार झाला.

जुनं झाड नवऱ्याने एकट्यानेच करवतलं. खुंटाचे फुटवेही छाटले, मूळ खणून काढलं, खड्डा बुजवला. शेजाऱ्याने भिंतीवरून मान काढून म्हटलं, "अंगण मोकळं झालं, वहिनी," आणि उत्तराची वाट पाहत थांबला. उत्तर आलं नाही तेव्हा तो घाबरला आणि बायकोला म्हणाला, वहिनीला बरं नाही वाटतं. नवराबायको एकमेकांशी कामापुरतं बोलत. कोणी जर्दाळू घेऊन आलं तर तो कापी, ती बांधी, आणि तिच्या बांधण्यात कसूर नसे. पण आताशा दुसऱ्याचा सांधा दिसला तरी ती काही म्हणत नसे, आणि गिऱ्हाइकांना हे तिच्या शिव्यांपेक्षा जड जाई.

अशात एका सकाळी कुंभाराचा टेम्पो दाराशी थांबला. मागे बाजारासाठी मडकी रचलेली, मधे गवत. पुढून न्हावी उतरला.

"वहिनी आहेत का घरात?"

"दार उघडं आहे, मी समोर उभी आहे. आणखी काय पाहिजे?"

न्हाव्याने गवत बाजूला सारून कुंड्या काढल्या. एकेक करत फाटकाच्या आत मांडल्या. रोपं सरळ, हिरवी, पट्टी चपटी, खालून वर.

"हे काय?"

"तुम्ही बांधलेली."

"तुमची बांधली होती. माझी नाही."

"तीच तर भानगड झाली आहे ना," न्हावी म्हणाला. "खिडकीत आमचे सगळे गलगंड, आणि मधे ही अशी सरळ. येणारा जाणारा विचारतो, ही कोणी केली? मी केली म्हटलं तर हसतात. आमच्या गावात शोभत नाहीत ही. ठेवून घ्या. शेळीवालीनेही तिची दिली आहे, आकड्यावाली नाही, दुसरी. आणि कुंभारणीचा निरोप आहे. म्हणाली, मूळ तुझंच होतं, परत पाठवलंय."

वहिनी खाली बसली. डोळा बसवताना पानाचा देठ तेवढा ठेवतात. डोळ्याने जीव धरला की देठ आपसूक गळतो. मेला तर सुकून चिकटून बसतो. तिने पहिल्या कुंडीतल्या देठाला बोट टेकवलं. तो गळून मातीवर पडला. दुसऱ्या कुंडीतला टेकवण्याआधीच पडलेला होता. तिसऱ्यातला टेकवताच.

नवरा विहिरीकडून आला होता. हात मातीने भरलेले, बाह्या वर. त्याने कुंड्यांकडे पाहिलं, वाकलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि तिच्या शेजारी उकिडवा बसला. चौथा देठ त्याने पाडला.

"पाणी फार घालता तुम्ही," वहिनी न्हाव्याला म्हणाली. "माती बघा कशी झाली आहे, चिखल नुसता. आणि या कुंड्या. एक धड उभी राहत नाही."

"कुंभारणीला सांगतो."

"सांगाच. आणि पुढच्या वेळी येताना नखं कापून या. न्हावी म्हणवता."

नवऱ्याने बुजवलेल्या खड्ड्याकडे मान वळवली. "लावायचं कुठलं?" त्याने विचारलं. "आपल्यात एकच ठेवतात."

"मग तुमच्या पसंतीचं एक काढून घ्या," न्हावी म्हणाला, आणि बाकीच्या कुंड्या उचलायला वाकला. "उरलेली मी परत नेतो."

"हात तर लावून बघा," वहिनी म्हणाली.